सगळं स्वतः पाहणारे मनोहरराव

अमरावती जिल्ह्याच्या व्यापाराचा इतिहास कधी लिहिला गेला, तर मनोहरराव ढोले यांच्याइतके कष्ट दुसऱ्या कोणी केल्याची नोंद त्यात सापडणार नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. कितीतरी वर्षं माझा छापखाना आणि त्यांचं दुकान यांच्यात फक्त एक भिंत होती, आणि त्या भिंतीतून त्यांचे कष्ट मला ऐकू येत. इतिहासकाराने तळटिपेत एवढाच खुलासा करावा की यांतले निम्मे कष्ट उरलेल्या निम्म्यांनी झालेलं नुकसान निस्तरण्यासाठी होते.

दुकानाचं नाव 'ढोले इंटरनॅशनल'. इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत, जिथे दोन ऑटो समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागतं, तिथे हे इंटरनॅशनल होतं. ढोल्यांचे वडील गावाबाहेरच्या मळ्यात सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी लावत आणि पहाटे बाजारात आणून विकत. मनोहररावांनी भाजीऐवजी फवारणीचे पंप आणि पाईप विकायला सुरुवात केली, ती बरी चालली. मग ते इथल्या काही व्यापाऱ्यांबरोबर चीनमधलं एक मोठं प्रदर्शन बघून आले आणि येताना 'कंटेनर' हा शब्द घेऊन आले. त्यानंतर त्यांनी कुठलीही गोष्ट कंटेनरपेक्षा लहान मापात मोजली नाही. पाटीवर पृथ्वीचा गोल काढून घेतला. त्यावर अमरावतीचा लाल ठिपका एवढा मोठा की त्याच्याखाली अर्धं तेलंगण झाकलं गेलं होतं. त्याच गोलाची व्हिजिटिंग कार्डं मी छापली. ठिपका थोडा लहान करू का, असं विचारलं तर म्हणाले, "कावून? आमी तेवढेच राहावं का?"

धंद्याची दोन ठिकाणं. अमरावतीचं दुकान म्हणजे हेड ऑफिस. तिथे काचेची एक केबिन होती आणि तिच्यासमोर खोक्यांची अशी चळत असे की आत मनोहरराव आहेत की नाहीत हे आवाजावरूनच कळे. दुसरं ठिकाण अकोल्यात, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात. ते त्यांचा धाकटा भाऊ सुरेश पाही. 'पाही' हा माझा शब्द. मनोहररावांच्या मते पाहणारे ते एकटेच होते. त्यांचं आवडतं वाक्यच होतं, "मी नाई पाह्यलं त कोण पाह्यन?" हे वाक्य ते कामगारांना ऐकवत, गिऱ्हाइकांना ऐकवत, चिनी कंपनीच्या माणसाला इंग्रजीत ऐकवत, आणि कोणी समोर नसेल तर भिंतीपलीकडून मला.

सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. माल मोजायचे ते, खोक्यांना चिकटपट्टी लावायचे ते, ट्रकवाल्याशी भांडायचे ते, आणि भांडण मिटल्यावर पुन्हा उकरून काढायचेही तेच, कारण मिटवताना मुनीमजी बोलले होते. मुंबईच्या बंदरावरचा एजंट कागद तयार करून पाठवी. ते कागद बरोबर असत. मनोहरराव ते रात्री घरी नेऊन दुरुस्त करत. मग एजंट ती दुरुस्ती दुरुस्त करी. या ये-जा करण्यात माल बंदरावर पडून राही, आणि मनोहरराव अभिमानाने सांगत की आज पुन्हा त्यांना मुंबईला फोन करून ओरडावं लागलं.

माणसं आपली पदवी सांगतात तसे ते "अजून जेवलो नाई" सांगत. संध्याकाळी पाचला कोणी आलं तरी पहिलं वाक्य तेच. एकदा माझ्यासमोर त्यांनी चौकातल्या गाडीवरून आणलेल्या गिल्या वड्याच्या दोन प्लेटा संपवल्या, हात पुसले, आणि आत आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "सकाळपासून पोटात काही नाई, बोला." मी प्लेटांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही अपराध नव्हता. उभ्याने खाल्लेलं ते खाण्यात धरतच नसत.

त्यांच्या पत्नी कुंदावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या कधी दुकानात आल्या तर बाहेरच्या स्टुलावर बसत. एकदा मी सहज म्हटलं, की तुमच्याकडे फार काम असतं. त्या म्हणाल्या, "काम नाई हो, धावपळ. काम असतं त एखाद्या दिवशी संपलं असतं."

हे वर्णन करताना मला रानडुकरांची आठवण येते, त्यामुळे ती हकिकत आधी सांगतो.

शेतात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, फार झाले होते. मनोहररावांनी चीनमधून सौर भोंगे मागवायचं ठरवलं. खांबाला लावायचे, अंधार पडला की आपोआप आवाज करतात, जनावरं पळतात. कल्पना चांगली होती आणि ती, हे सांगायला हवं, सुरेशची होती. कुठकुठले आवाज भरायचे ते कंपनीने विचारलं. मनोहरराव तेव्हा एका फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याला झापत होते, दुसऱ्यावर भाव पाडत होते आणि हनुवटीने नोकराला खोकं कुठे ठेवायचं ते दाखवत होते. अशा स्थितीत त्यांनी आवाज निवडले. माल आला. पहिला आवाज वाघाचा, दुसरा कुत्र्यांचा, तिसरा एका बाईचा. ती शांतपणे, नीट आवाजात, चिनी भाषेत काहीतरी सांगायची. बहुधा बॅटरी कमी झाली आहे, एवढंच.

चांदूर रेल्वेकडचा एक शेतकरी आठवड्याभरात परत आला. हे सगळं मी दारात उभा राहून ऐकलं.

"भाऊ, तो वाघ ठीक हाय. कुत्रे बी ठीक हायेत. पन ते बाई कोन हाय?"

"कोणती बाई?"

"वावरात बोलते ते."

"काय बोलते?"

"ते समजलं असतं त तुमाले इचाराले कायले आलो असतो?"

मनोहरराव म्हणाले, "ते एक्स्ट्रा फीचर हाय."

"असन. पन माह्या घरचीनं वावरात डबा देनं बंद केलं. म्हनते, तुमाले सोबत हाय."

इथपर्यंत ही एक साधी चूक होती. पुढे जे झालं ते मनोहररावच करू शकत. महिन्याभरात गोष्ट अशी फिरली, की डुकरं वाघाला सरावली, कुत्र्यांना तर पहिल्या दिवशीच सरावली, पण बाईला भीत होती. लोक येऊन "बाईवाला भोंगा" मागू लागले. दुसरा कोणीही दुकानदार असता तर त्याने बाईचा फोटो छापून खोक्यावर लावला असता. मी तसं सुचवलंही. पण मनोहररावांना ती बाई म्हणजे आपली झालेली चूक वाटत होती, आणि चूक ते स्वतः दुरुस्त करणारच. शिल्लक सगळे भोंगे त्यांनी केबिनमध्ये घेतले. रोज थोडे थोडे उघडून, आतली तार शोधून, स्वतःच्या हाताने कापून त्या बाईला गप्प केलं. सहा-सात दिवस जेवले नाहीत म्हणे. बाई गेली. त्याच तारेवर वाघही होता, तोही गेला. उरले कुत्रे, आणि कुत्रे शेतकऱ्यांच्या घरी आधीच होते.

सुरेश हा या सगळ्याच्या अगदी उलट माणूस, आणि म्हणूनच त्याची किंमत या घरात कमी. वयाने बराच लहान. वडील लवकर गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याचं शिक्षण, लग्न, अकोल्याचं दुकान, सगळं मनोहररावांनी केलं आणि केलेलं विसरू दिलं नाही. सुरेशची कामाची एकच पद्धत होती. नवीन वस्तू आली की ती एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला वापरायला द्यायची, आठ दिवस गप्प बसायचं, मग जाऊन चहा प्यायचा आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं. मनोहररावांच्या दृष्टीने हा आळस होता. आठ दिवस गप्प बसणाऱ्या माणसाला ते कामाचा माणूस मानत नसत.

एक दिवस सुरेश अकोल्याहून आला. दुकानात बसायला जागा नव्हती म्हणून दोघे भाऊ माझ्या छापखान्यात बसले. वरूडच्या संत्रा बागायतदारांसाठी तोडणीच्या कात्र्या मागवायच्या होत्या. हाताने ओढून फळ तोडलं तर देठाशी साल फाटते. म्हणून बाहेर माल पाठवणारे बागायतदार लहान वाकड्या पात्याच्या कात्रीने देठ अगदी फळालगत कापतात. अशी चांगली, स्वस्त कात्री वरूडच्या बाजारात मिळत नव्हती. पूर्ण कंटेनर त्याच मालाचा भरायचा, असं मनोहररावांनी ठरवून टाकलं होतं.

"दादा, या खेपेले नमुना आधी मले पाठवा," सुरेश म्हणाला. "चार बागांत फिरवतो. लोकं म्हनतीन ते मागवू."

"लोकांले काय समजते?"

"तोडणी लोकंच करतात, दादा. तुमी नाई करत."

"मी पाह्यतो म्हटलं न."

"तुमी पाह्यता म्हनूनच सांगून राहिलो."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद सरळ करू लागलो.

सुरेश ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाला, "भांडत नाई मी. पन हे शेवटचं हाय. नमुना नाई आला त अकोल्याचं मी वेगळं करतो. ऐनवेळी सांगतलं असं नोका म्हनू, म्हनून आताच सांगतो."

"पाह्यलं, प्रेसवाले?" मनोहरराव मला म्हणाले. "याच्यासाठी मी जेवत नाई."

पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. वेगळं होणं या शब्दाला या माणसाइतकं घाबरलेलं मी कोणाला पाहिलेलं नाही. बंदरात माल अडकला, सीमाशुल्कवाल्यांनी दमात घेतलं, तरी ते नुसते तापत. पण ढोल्यांच्या नात्यागोत्यात लग्नाला जा, नाहीतर दहाव्याला जा, लोक आधी विचारतात: भाऊभाऊ अजून एकत्र आहेत ना? आणि मनोहरराव दर वेळी, समोरच्याने विचारायच्या आत, सांगत: "दोन शहरं, चूल एकच." हे सांगण्यासाठी ते लग्नाला जात, असं कुंदावहिनींचं मत होतं. अक्षता पडून गेल्यावर पोचायचे, पण हे वाक्य बोलल्याशिवाय परत यायचे नाहीत.

म्हणून नमुने आले तेव्हा ते अकोल्याला पाठवायचेच असं त्यांनी ठरवलं होतं, यावर माझा विश्वास आहे. तीन कात्र्या एका डब्यात आल्या होत्या. डब्यावर सुरेशचा पत्ता त्यांनी स्वतः लिहिला. चिकटपट्टी हातात घेतली. आणि मग, एकदा पाहून घेतो, म्हणून डबा घरी नेला.

घरामागे कागदी लिंबाचं झाड आहे. तिथे एकट्यानेच त्यांनी तिन्ही कात्र्या चालवून पाहिल्या. दोन भंगार निघाल्या: बोटांत अडकतात, वेड्यावाकड्या चालतात. तिसरी मात्र अशी, की हात लावायचा अवकाश, देठ कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा फार खूश होते. म्हणाले, "हातात अशी बसते न, जशी माह्यासाठीच केली."

"सुरेशला पाठवलीत?"

"कायले? त्याले चांगली कोणती ते पाह्याचं होतं. मी पाह्यलं. आता त्याच्या डोक्याले ताप कायले?"

दुसऱ्याचं काम आपण करून टाकलं की तो मोकळा झाला, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे आयुष्यात त्यांनी पुष्कळ माणसांना मोकळं केलं.

त्या चिनी कंपनीत माल विकणारी एक मुलगी होती. तिने उलटा निरोप पाठवला की या प्रकारची कात्री फार कमी जाते, गिऱ्हाइकं थोडीशीच घेतात, तुम्ही बाकीच्या दोनपैकी एक घ्यावी. पुन्हा एकदा विचारते, सगळा माल हाच? मनोहररावांनी मला तो निरोप फोनवर दाखवला, एखाद्याचं कारस्थान उघडं पाडावं तसा. "पाह्यलं? चांगला माल आपल्याले द्याचा नाई यायले. भारतातले लोक म्हनजे काही बी घेतील असं वाटते." आणि त्यांनी तिला उत्तर दिलं: सगळा हाच. वर अंगठ्याचं चित्र पाठवलं.

कात्र्यांच्या खोक्यांवरची लेबलं मी छापली. त्यांवर मनोहररावांचा हात जोडलेला फोटो होता. कोणता फोटो घ्यायचा हे ते स्वतः ठरवत होते, त्यामुळे लेबलं तयार व्हायच्या आधी कंटेनर नागपुरात आला.

दसऱ्यानंतर संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली तशी वरूडजवळ मंदाताईंच्या बागेत त्यांनी कार्यक्रम ठेवला. मंदाताई स्वतः बाग करणाऱ्या, सुरेशच्या जुन्या गिऱ्हाईक, आणि बोलायला एकदम सरळ. मांडव, खुर्च्या, माईक, आणि कशाचे तरी माजी अध्यक्ष प्रमुख पाहुणे म्हणून. मनोहररावांनी भाषण केलं. विषय कष्ट. आपण किती वर्षांत सिनेमा पाहिला नाही ते सांगितलं. मध्येच माईक खरखरला तेव्हा भाषण थांबवून स्वतः जाऊन जनरेटर पाहून आले, आणि आल्यावर वाक्य जिथे तुटलं होतं तिथून न उचलता पहिल्यापासून सुरू केलं.

सुरेश अकोल्याहून आला होता आणि सगळ्यात मागे उभा होता. ती कात्री तो आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहत होता.

माजी अध्यक्षांनी पहिलं संत्रं कापलं. टाळ्या झाल्या. त्यांनी फळ वर धरलं आणि त्यांच्या मनगटावरून रसाचा ओघळ खाली आला. तो कोणी फारसा मनावर घेतला नाही. माजी अध्यक्षांकडून चांगल्या तोडणीची अपेक्षा कोणाला नव्हती. मग बागायतदारांनी कात्र्या घेतल्या. पाच-दहा मिनिटं बागेत नुसता कट कट आवाज होता. मग तो हळूहळू थांबला.

मंदाताई टोपली घेऊन मांडवात आल्या. "मनोहरभाऊ, तुमची कात्री फळाले चावते."

"नवीन हाय. सवय होईन."

"कोनाले सवय होईन? मले का संत्र्याले?"

त्यांनी टोपलीतली फळं एकेक करून टेबलावर ठेवली. प्रत्येकाच्या देठापाशी सालीवर एक बारीक टोच. टोचलेलं फळ दोन दिवसांत मऊ पडतं आणि पेटीत शेजारच्याला घेऊन जातं, हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरा एक बागायतदार म्हणाला, "खटका बी उलट्या अंगाले हाय. अंगठा पुरत नाई."

मनोहरराव हसले. अज्ञानी माणसांकडे पाहून हसावं तसे. त्यांनी टेबलावरची कात्री उचलली, बाजूच्या झाडाशी गेले आणि भराभर फळं उतरवली. देठ अगदी फळालगत, साल कोरी, एकही टोच नाही. इतकी सुंदर तोडणी त्या दिवशी दुसऱ्या कोणी केली नाही. "पाहा," ते म्हणाले. "पाह्यलं?"

सगळ्यांनी पाहिलं. मंदाताईंनी जरा जास्त पाहिलं.

"भाऊ, हात पाहा तुमचा."

"कोणता?"

"ज्यात कात्री हाय तो."

मनोहररावांनी खाली पाहिलं. कात्री डाव्या हातात होती. ते त्या हाताकडे असे बघत राहिले, जसा तो आगंतुक पाहुणा असावा.

नंतर सुरेशकडून कळलं ते असं. लहानपणी मनोहरराव डावखुरे होते. डाव्या हाताने जेवायला लागले की वडील तो हात उपरण्याने पाटाला बांधत. मास्तर पट्टी मारत. जेवणं, लिहिणं, नमस्कार, प्रसाद घेणं, म्हणजे चार लोकांत दिसणारं जेवढं काही आहे, तेवढं उजव्या हाताला शिकवलं गेलं. बाकी राहिलं ते डाव्याकडेच राहिलं: हातोडी, पाना, स्क्रू ड्रायव्हर, कात्री. पण घरात एकदा ठरलं की मनोहर आता सुधारला, तेव्हा तो सुधारला. त्यांना स्वतःला कोणी विचारलं असतं तर त्यांनी उजवाच हात सांगितला असता, आणि खोटं बोलतो आहे असं त्यांना वाटलंही नसतं. चीनमधल्या त्या मुलीला मात्र कळलं होतं की ही कात्री डावखुऱ्यांची आहे. एक कंटेनरभर डावखुरे एका जिल्ह्यात कुठून आले, एवढाच तिला प्रश्न होता.

सुरेशने हातातली कात्री खोक्यात परत ठेवली. झाकण लावलं. कोणी काही बोलायच्या आत तो पुढे आला आणि म्हणाला, "दादा, चला. जेवून घ्या."

परत येताना मी त्यांच्याच गाडीत होतो. मनोहरराव बराच वेळ बाहेर पाहत होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी समजला. अखेर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक कुठी झाली ते समजलं मले, प्रेसवाले."

"कुठे?"

"मी यात पुरतं लक्ष घातलं नाई. चार कामं होती, हे पाचवं झालं. आता पुढच्या मालाचा एक एक नग मी स्वतः पाह्यतो."

पुढच्या सीटवर सुरेश होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मोर्शीत चहाला गाडी थांबली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, दिवाळी झाली की."

"दिवाळी झाली की काय?"

"मी सांगतलं होतं न."

मनोहररावांनी चहा अर्धा टाकला. ड्रायव्हरला म्हणाले, गाडीत हवा कमी दिसते, आणि चारही चाकं स्वतः दाबून पाहिली.

दिवाळीपर्यंत त्यांनी जे केलं, ते करायला दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. डावखुरे मजूर शोधायला निघाले. वरूडच्या आजूबाजूच्या गावांत गाडी घेऊन फिरले. चावडीवर, देवळापुढे, बागांच्या बांधांवर माणसं गोळा करून विचारलं, तुमच्यात डाव्या हाताचं कोण आहे. असे लोक असणारच, हा त्यांचा हिशोब काही चूक नव्हता. पण प्रत्येक गावात एक उपरणं आणि एक पाट होता. कोणी कबूल होईना. एका म्हाताऱ्या बाईंनी तर त्यांना विचारलं, "काहून, सरकार काही देऊन राहिलं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी उजव्या हाताने नमस्कार केला आणि घरात गेल्या. मग मनोहररावांनी पक्कड आणि हातोडी घेऊन पाती उलट बाजूला वाकवून पाहिली. जेवढ्या कात्र्यांची वाकवली तेवढ्या मोडल्या. उरलेल्या सुरेशने, वेगळं व्हायच्या आधी, झेंडूवाल्यांना विकून दिल्या. फुलाला साल नसते.

दिवाळी झाली आणि दोघे वेगळे झाले. भांडण झालं नाही. वाटणीच्या वेळी कुंदावहिनी शाळेतून रजा घेऊन आल्या आणि दोघांना जेवायला वाढलं. मनोहरराव त्या दिवशी बसून जेवले. मला ते नंतर वहिनींनीच सांगितलं, बातमी सांगावी तसं.

सुरेशने अकोल्याचं दुकान नव्याने रंगवलं आणि पाटीवर स्वतःचं नाव लावलं. उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला तो स्वतः अमरावतीला आला. भावाच्या पाया पडून म्हणाला, "फीत तुमीच कापा." मीही गेलो. अकोल्याला पोचलो तर मनोहरराव आमच्या आधी पहाटेच येऊन दाखल झाले होते. त्यांनी बॅनर उतरवून दुसऱ्या बाजूला लावून घेतला होता, मांडववाल्याशी भांडण केलं होतं, आणि आतली खोकी त्यांच्या मते उलटी लागली होती म्हणून ती काढायला लावली होती. सुरेशची माणसं त्यांच्यामागे जाऊन ती पुन्हा पहिल्या जागी ठेवत होती.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. मनोहरराव बाहेर पाहुण्यांच्या खुर्चीत माझ्याशेजारी येऊन बसले. समोरून त्यांचे कोणी नातेवाईक येताना दिसले तसे ते सावरून बसले.

"वेगळे नाई झालो," त्यांनी त्या नातेवाइकांना विचारायच्या आत सांगितलं. "विस्तार झाला." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नाई."

एवढं बोलून ते तिथेच, बसल्या जागी, मान मागे टाकून झोपले. डुलकी नव्हे, गाढ झोप. तोंड उघडं, एक हात खुर्चीबाहेर, फोन मांडीवर. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ते हलले नाहीत. कुंदावहिनींनी तो उचलून बंद केला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

माणसं जमली होती. भटजींनी घड्याळ पाहिलं. तबकात नारळ, हळद-कुंकू, लाल फितीसाठी ठेवलेली कात्री. कोणीतरी पुढे होऊन मनोहररावांच्या खांद्याला हात लावू लागलं तसा सुरेश म्हणाला, "दादाले उठवू नका." लाऊडस्पीकरवाल्याला त्याने हाताने खूण केली. गाणं थांबलं.

"मुहूर्त चालला, सुरेश," वहिनी म्हणाल्या.

"जाऊ द्या, वहिनी."

आणि सगळे थांबले. मी मनोहररावांचा चेहरा पाहत होतो. जागेपणी त्यावर जे कायम मांडलेलं असे, ते सगळं उतरलं होतं. उरला होता एक साधा, थकलेला, म्हातारपणाकडे झुकलेला भाजीवाला. दहा-बारा मिनिटं त्या गल्लीत कोणीही काही पाहत नव्हतं, आणि कुठेही काही बिघडलं नाही.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक माणूस आला. पायाला चिखल, पाठीवर गळका फवारणी पंप. मांडव, नारळ, भटजी, झोपलेले पाहुणे यांतलं काहीच त्याने पाहिलं नाही. फितीखालून वाकून तो आत शिरला, पंपाची नळी फितीत अडकली आणि फीत त्याच्या पाठीवरून तुटून आत गेली. सुरेश त्याच्यामागे काउंटरवर गेला. त्या माणसाला अर्ध्या इंचाचा वॉशर पाहिजे होता.